आधी फळा, मग भाषण

(या भागाचं शब्दांकन. बोलतानाचे अडखळे गाळले आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

सावेडीतून बोलतोय. घर पाईपलाईन रोडच्या जवळ आहे, त्यामुळे मधेच एखादी बुलेट किंवा भाजीवाल्याची आरोळी ऐकू आली तर समजून घ्या.

आजचा विषय तुमच्यातल्याच बऱ्याच जणांनी मागितलाय. मेसेज साधारण एकाच चालीचे असतात. 'दादा, काम येतं, पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही.' 'मराठी मीडियमचा आहे, इंग्रजीत बोलायला लागलो की गाडी अडकते.' आणि तिसरा, जरा रागातला: 'ज्याला कोड येत नाही पण गोड बोलता येतं, तो लीड झाला.' थोडक्यात प्रश्न असा की लोकांनी आपलं ऐकावं, आपल्या मागे यावं, यासाठी काय करायचं? स्टेजवर कसं उभं राहायचं? हात कुठे ठेवायचे?

हातांचं आपण बघू, शेवटी. त्याआधी आज जे सांगायचंय ते एका वाक्यात सांगून टाकतो. लोकांना पटवायचं असेल तर वाद पेटायच्या आधी, सगळ्यांच्या देखत, मोजायचं माप ठरवा. माप ठरलेलं असलं की भाषण छोटं असलं तरी चालतं. माप नसेल तर कितीही भारी भाषण करा, टाळ्या मिळतील आणि निर्णय भलताच होईल.

वक्तृत्व स्पर्धेने काय शिकवलं

आपल्यापैकी बहुतेकांची बोलण्याशी पहिली ओळख शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत होते. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो.' पाच मिनिटं, चौथ्या मिनिटाला पहिली घंटा. विषय ठरलेले: पर्यावरण, स्त्रीशिक्षण, मोबाईल शाप की वरदान. भाषण वडील नाहीतर एखादे सर लिहून देणार, आपण पाठ करणार, योग्य जागी आवाज चढवणार.

या स्पर्धांना मी नावं ठेवणार नाही. आवाज खुला होतो, भीती मोडते, भाषेचा कान तयार होतो. महाराष्ट्राला भाषण ऐकायची सवयही जुनी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. तिकीट काढून नाटक बघावं तसं पैसे देऊन व्याख्यान ऐकणारी माणसं आपल्याकडे आहेत.

पण स्पर्धेत एक गोष्ट नसते. भाषण संपल्यावर ऐकणाऱ्याला काहीही ठरवायचं नसतं. पर्यावरणावर पहिलं बक्षीस मिळालं म्हणून परीक्षकांनी घरी जाऊन झाड लावलंय का, हे कुणी विचारत नाही. ऑफिसात, सोसायटीत, ग्रामसभेत मामला उलटा असतो. तिथं तुमच्या बोलण्यानंतर कुणाला तरी पैसे द्यायचे असतात, कुणाला तरी आपला हट्ट सोडायचा असतो, कुणाचं तरी नुकसान होणार असतं. ते बोलणं वेगळं. आणि ते शिकायचं असेल तर आपल्याला लांब जायची गरज नाही. सावेडीतून गाडी काढली तर पाऊण तासात पोचू.

हिवरे बाजारची ग्रामसभा

हिवरे बाजार. नगर तालुक्यातलंच गाव. तुम्ही शाळेच्या सहलीत गेला असाल, चर बघितले असतील, झाडं बघितली असतील. मी तुम्हाला पाण्याकडे न बघता तिथल्या बोलण्याकडे बघायला सांगणार आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. पाऊस वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खचत गेलं. डोंगर उघडे पडले, लोक कामासाठी बाहेर गेले, दारूचे अड्डे वाढले. सरकारी नोकराची बदली इथं झाली की ती शिक्षाच मानली जायची. १९८९-९० च्या सुमाराला गावातल्या तरुणांनी पोपटराव पवारांना गळ घातली. एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा तरुण. ते बिनविरोध सरपंच झाले.

आता तुम्ही त्यांच्या जागी स्वतःला ठेवा. लोकांना काय काय सांगायचं होतं बघा. डोंगरावर गुरं चारू नका. झाडावर कुऱ्हाड चालवू नका. दारू सोडा. कुटुंब मर्यादित ठेवा. आणि येऊन फुकट काम करा, म्हणजे श्रमदान. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. यातल्या एकाही गोष्टीने ऐकणाऱ्याला आज फायदा नाही. फायदा झालाच तर काही वर्षांनी. शेळ्या असलेल्या माणसाला तर उद्या सकाळपासून तोटा. असलं प्रॉडक्ट विकायला कुठला सेल्सवाला तयार होईल?

हे एका दमदार भाषणाने झालं नाही. सुरुवात झाली शाळेसारख्या कामापासून, ज्याला कुणी उघडपणे नाही म्हणू शकत नाही आणि ज्याचा निकाल डोळ्यांना दिसतो. पुढे गाव आदर्श गाव योजनेत आलं, सलग समतल चर खोदले, बंधारे झाले. आणि प्रत्येक गोष्ट ग्रामसभेत ठेवली गेली. कायद्याने ग्रामसभा सगळ्याच गावांत घ्यावी लागते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा आपल्याला माहीतच आहेत. कित्येक ठिकाणी ती रजिस्टरवरच्या सह्यांपुरती होते. इथं ती खरोखर होत राहिली.

आता माझ्या मते सगळ्यात हुशारीची गोष्ट. पाण्याचा ताळेबंद. गावात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात. जमिनीत किती मुरलं, प्यायला किती लागेल, जनावरांना किती, उरलेल्यात शेती किती होईल, असा हिशोब मांडला जातो, तो सगळ्यांना दिसेल असा लावला जातो आणि ग्रामसभेत ठरतं की यंदा कोणती पिकं घ्यायची आणि कोणती नाही. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. ऊस नाही, केळी नाही. हे नियम आधीच ठरलेले.

यात सरपंचाचं काम किती सोपं झालं ते बघा. पाऊस कमी झालेल्या वर्षी त्याला कुणाला जाऊन सांगावं लागत नाही की 'बाबा रे, तू यंदा गहू करू नकोस.' तसं सांगितलं असतं तर लगेच 'मलाच का? तुझ्या भावकीला का नाही?' इथं फळा सांगतो. फळ्यावरचा आकडा ज्या मापाने आला ते माप सगळ्यांनी मिळून, पाऊस पडायच्या आधी मान्य केलेलं आहे. भांडायचंच असेल तर पावसाशी भांडा.

परिणाम तुम्ही वाचलेले असतील. १९९५ च्या पाहणीत १८० पैकी १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती; पंधरा वर्षांत हा आकडा हाताच्या बोटांवर आला. दिवसाला दीडशे लिटर दूध होतं, ते चार हजारांच्या घरात गेलं. शहरात गेलेली कुटुंबं परत आली. २०२० मध्ये पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली. पण पद्मश्रीच्या आधी तीस वर्षं सभा आहेत. आणि त्या सभांमध्ये निर्णय गावाच्या तोंडून आला.

माप नसलं की काय होतं

आता उलटी बाजू. यासाठी गावातून एकदम अमेरिकेत जावं लागेल, पण गोष्ट आपल्याच धंद्यातली आहे, इंजिनिअरांची.

२७ जानेवारी १९८६ ची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर अवकाशयान उडणार आहे. त्याच्या रॉकेटचे भाग जिथं जोडलेले असतात, तिथं रबराची कडी बसवलेली असतात. आपल्या कुकरची रिंग असते ना, काम तेच: गरम वायू बाहेर येऊ द्यायचा नाही. रॉकेट बनवणाऱ्या थायोकोल कंपनीच्या इंजिनिअरांना, त्यात रॉजर बॉईजोली होते, काळजी अशी की थंडीत रबर कडक होतं आणि वेळेवर फुगत नाही. दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी पडणार होती. त्यांनी फोनवरच्या बैठकीत नासाला सांगितलं, ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे साधारण १२ सेल्सिअसच्या खाली, उडवू नका.

माणसं हुशार होती. माहिती होती. पण ती घाईघाईत जमवलेल्या तक्त्यांत विखुरलेली होती, आणि तापमानाचं हे माप आदल्या रात्रीच टेबलावर आलं. समोरच्यांना साहजिकच वाटलं की ही नवी अट ऐनवेळी कुठून आली? मग प्रश्नच फिरला. नेहमीचा प्रश्न असतो, 'सुरक्षित आहे हे दाखवा.' त्या रात्री तो झाला, 'असुरक्षित आहे हे सिद्ध करा.' ते सिद्ध करता येईना. कंपनीच्या वरिष्ठांनी वेगळं बसून निर्णय बदलला. सकाळी यान उडालं आणि ७३ सेकंदांत फुटलं. सात जण गेले.

मी जेव्हा ही गोष्ट सांगतो तेव्हा ऐकणारे म्हणतात, 'बघा, मॅनेजमेंट असंच असतं.' असेलही. पण आपल्याला उपयोगी पडेल असा धडा वेगळा आहे. बरोबर असणं पुरत नाही, आणि ऐनवेळी पोटतिडकीने बोलणंही पुरत नाही. कोणता आकडा दिसला की थांबायचं, हे सहा महिने आधी शांतपणे ठरलेलं असतं, तर त्या रात्री कुणालाही वक्ता व्हायची गरज नव्हती.

हे आपल्या ऑफिसात रोज घडतं, जीव जात नाहीत एवढंच. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज. टेस्टिंगवाली मुलगी म्हणते, 'सर, मला हे ठीक वाटत नाही.' 'वाटत नाही' म्हटलं की संपलं, कारण वाटण्याला समोरच्याकडे उत्तर असतं: 'मला वाटतंय.' तिथं मोठा पगार जिंकतो. पण पेमेंटच्या पानावर शंभरात एकापेक्षा जास्त व्यवहार फसले तर रिलीज थांबवायचं, हे महिन्याच्या सुरुवातीला मॅनेजरसकट सगळ्यांनी कबूल केलेलं असेल, तर तिला फक्त आकडा वाचून दाखवायचाय. आवाज न चढवता. मोडक्या इंग्रजीत सुद्धा. 'टू पॉइंट थ्री, सर.' झालं भाषण.

मराठी मीडियमवाल्यांनो, ही गोष्ट आपल्यासाठी फार मोठी आहे. अस्खलित इंग्रजीच्या शर्यतीत आपण उशिरा निघालोय. पण माप ठरवायच्या कामात कुणी आपल्या पुढे नाही.

आमच्या पार्किंगमधला फळा

आता म्हणाल, हिवरे बाजार झालं, अमेरिका झाली, तू काय केलंस? सांगतो. छोटी गोष्ट आहे.

आमच्या अपार्टमेंटमध्ये चोवीस फ्लॅट. महापालिकेचं पाणी दिवसाआड, तेही दाब असेल तसं. उन्हाळ्यात टँकर. मार्चमध्ये विषय निघाला, दुसरं बोअर घ्यायचं. प्रत्येकी वर्गणी बरीच पडणार होती. तळमजल्यावरचे निवृत्त बँकवाले काका म्हणाले, 'पहिलं बोअर आटत आलंय, शेजारी दुसरं घेऊन त्यातलंच पाणी ओढणार, याला काय अर्थ?' वरच्या मजल्यावरच्या ताई म्हणाल्या, 'तुम्हाला बोलायला काय जातं काका, आमच्या नळाला पाणीच येत नाही.' दोघांचंही बरोबर. पुढची मीटिंग महिन्यावर होती.

माझं मत होतं की बोअरच्या आधी आहे ते पाणी कुठं जातंय बघावं. पण ते मत मी मीटिंगमध्ये मांडलं असतं तर काय झालं असतं? तेवीस मतांत चोविसावं. शिवाय 'हा घरून काम करणारा, याला काय कळतं' हे आहेच.

म्हणून चेअरमन काकांना एवढंच विचारलं, 'काका, पार्किंगमध्ये एक फळा लावू का? पाणी किती वेळ आलं, मोटर किती वेळ चालली, टँकर आला का, टाकी भरून वाहिली का, एवढंच लिहू.' ते म्हणाले, 'लाव की. पण लिहिणार कोण?' पहिला आठवडा मी लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी खडू हातात घेतला. त्या पहाटे उठतात, टाकी वाहिल्याचा आवाज पहिल्यांदा त्यांनाच येतो. 'तू लिहितोस ते अर्धवट आहे, पहाटे साडेचारला वाहते ती कोण लिहिणार?' असं म्हणून त्यांनी रकाना स्वतःकडे घेतला. वॉचमन दादा टँकरची नोंद करायला लागले.

इथं थांबून बघा. आकडा आता माझा राहिला नव्हता. काकूंचा होता, वॉचमन दादांचा होता. मीटिंगमध्ये त्या आकड्यावर शंका घेणं म्हणजे काकूंवर शंका घेणं, आणि तेवढी हिंमत आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचीच नाही.

मीटिंगला मी दोन मिनिटं बोललो असेन. तीस दिवसांचा फळा वहीत उतरवला होता, तो वाचला. तीस दिवसांत अकरा दिवस टाकी वाहिली होती. मग विचारलं, 'बोअर घ्यायचं की नाही हे आज ठरवण्याआधी, कोणत्या परिस्थितीत घ्यायचं हे ठरवू या का?' अर्धा तास जोरदार चर्चा झाली आणि ठरलं. टाकीला चांगला फ्लोट व्हॉल्व्ह आणि मोटरला आपोआप बंद होणारं बटण बसवायचं, वरच्या मजल्याची पाईपलाईन बदलायची, गच्चीचं पावसाचं पाणी गाळून जुन्या बोअरजवळ मुरवायचं. एवढं करूनही पुढच्या उन्हाळ्यात महिन्याला सहापेक्षा जास्त टँकर लागले, तर दुसरं बोअर, आणि तेव्हा कुणी आडवं यायचं नाही. हे शेवटचं वाक्य बँकवाल्या काकांनी स्वतः प्रोसिडिंगमध्ये लिहून घेतलं. बोअरला सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच होता.

दोन घरं अजून नाराज आहेत. पुढच्या उन्हाळ्यात कदाचित बोअर घ्यावंच लागेल. चालेल. मला बोअर टाळायचं नव्हतं, आंधळेपणाने घेणं टाळायचं होतं. आणि त्या ताई आता रोज सकाळी फळा बघून खाली उतरतात.

आता बोलण्याविषयी

तुम्ही म्हणाल, मग बोलायला शिकूच नको का? शिका ना. माप ठरवायला सुद्धा चार वाक्यं नीट बोलावी लागतात. आणि बोलणं शिकायला सुद्धा आपल्या जिल्ह्यात सगळ्यात मोठी शाळा आहे.

नेवासा. ज्ञानेश्वरी तिथं सांगितली गेली, शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९०. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी निरूपण केलं असं मानतात, तो पैस खांब तिथं आहे. सच्चिदानंदबाबांनी ते उतरवून घेतलं. म्हणजे आपण या ब्लॉगवर जे करतो, बोललेलं लिहून ठेवतो, त्याचं मराठीतलं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या जिल्ह्यात आहे. पारंपरिक जन्मसाल धरलं तर बोलणाऱ्याचं वय पंधरा-सोळा. समोर वयाने, मानाने मोठी मंडळी.

तुम्ही ती भक्तीसाठी वाचत असाल तर वाचाच. पण बोलणाऱ्याच्या नजरेने एकदा बघा. ऐकणाऱ्याला तो सारखा सोबत घेतो. नववा अध्याय तर श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो. मोठ्यांपुढे लहानाने कसं बोलायचं, नम्र राहून मुद्दा जराही सैल न सोडता, हे तिथं दिसतं. आणि अवघड कल्पना आली की लगेच रोजचा दृष्टान्त: दिवा, पाणी, सोनं आणि दागिना, आई आणि बाळ. नुसती व्याख्या देऊन पुढे जात नाहीत.

दुसरी शाळा कीर्तनाची. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व सांगतात, उत्तररंगात आख्यान. आधी मुद्दा, मग गोष्ट. आपण प्रेझेंटेशनमध्ये चाळीस स्लाईड तत्त्वच सांगतो, गोष्ट येतच नाही. आणि वारकरी कीर्तनात मागे टाळकरी असतात. कीर्तनकार चरण सोडतो, टाळकरी उचलतात, समोरची माणसं टाळ्या धरतात. जो मुद्दा ऐकणाऱ्याच्या तोंडून एकदा निघाला, तो त्याचा झाला. काकूंचा खडू आणि टाळकऱ्याचा टाळ, काम एकच.

आता हातांचं. थोडक्या सूचना देतो.

पहिलं वाक्य तुमच्याविषयी नको, समोरच्याच्या अडचणीविषयी हवं. 'माझं नाव अमुक, मला संधी दिल्याबद्दल आभार' यात पहिली तीस सेकंद जातात. 'वरच्या मजल्याला पाणी चढत नाही' असं सुरू करा, माना वर होतील.

एका बोलण्यात एकच आकडा. तीस दिवसांत अकरा दिवस. तेवढाच लोक घरी घेऊन जातात.

आकडा सांगितल्यावर थांबा. दोन सेकंद. आपल्याला ते दोन तास वाटतात, समोरच्याला विचार करायला तेवढे लागतातच. माऊली सभागृहात चांगली एकांकिका बघितलीत तर नट कुठे गप्प राहतो ते बघा.

विरोधकाचा मुद्दा तुम्हीच आधी मांडा, आणि त्याच्यापेक्षा चांगला मांडा. 'ताईंचं म्हणणं खरं आहे, त्यांना रोज बादली घेऊन खाली यावं लागतं.' ज्याचा मुद्दा तुम्ही आदराने मांडलात, तो तुमचं ऐकतो.

शेवटी मोठं आवाहन नको, छोटा ठराव मागा. 'पाणी वाचवा' याला हो म्हणणं फुकट आहे. 'फ्लोट व्हॉल्व्हला मंजुरी द्या' याला हात वर करावा लागतो.

आणि सराव. टोस्टमास्टर्स नावाची संस्था १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली, तिची पद्धत साधी आहे: एक जण बोलतो, एक जण वेळ बघतो, एक जण अडखळे मोजतो, एक जण काय सुधारायचं ते सांगतो. यासाठी क्लबच हवा असं नाही. चार मित्र, एक गच्ची, मोबाईलचं घड्याळ. आणि नगरी हेल घालवायच्या मागे लागू नका. तो आपला आहे. शब्द स्पष्ट हवेत, हेल कुठलाही चालतो.

एक सावधगिरी

संपवण्याआधी एक गोष्ट, कारण ती टाळली तर हा भाग अर्धवट राहील.

आपल्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धी आहे. अण्णा हजारे १९७५ मध्ये सैन्यातून गावी आले आणि आधी स्वतःच्या पैशातून यादवबाबांचं मंदिर दुरुस्त केलं, मग लोकांकडे श्रम मागितले. आधी स्वतःच्या खिशातून, मग दुसऱ्याकडे मागणं, हा प्रभावाचा फार जुना आणि पक्का मार्ग आहे. पण त्याच गावात दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याच्याही गोष्टी आहेत, आणि त्या अण्णांनी लपवलेल्या नाहीत. दारूने मोडलेल्या घरातल्या बाईला त्या वेळी ते बरोबरच वाटलं असेल, हे मला कळतं. तरीही तो धाक आहे. धाकाने माणूस दारू सोडतो, पण त्याला पटलंय की नाही ते कधीच कळत नाही. प्रभावाची परीक्षा अशी की समोरचा 'नाही' म्हणू शकत होता आणि तरी 'हो' म्हणाला.

फळ्याचाही धाक होऊ शकतो. कुणाच्या घरी किती पाणी जातं हे नाव घालून लिहिलं असतं तर आमच्याकडे भांडणं लागली असती. टीममध्ये कुणाच्या नावापुढे किती बग हे भिंतीवर लावणारे मॅनेजर असतात. ते मोजत नाहीत, लाजवतात. आणि मापामुळे कुणाचं नुकसान होणार असेल, जसं चराईबंदीत शेळ्यावाल्याचं, तर त्याचा प्रश्न सभेत त्याच्या आधी आपण मांडायला हवा. त्याच्या पोटाचं काय, याचं उत्तर नसेल तर माप अजून ठरलेलं नाही.

तर या आठवड्याचं काम. तुमच्या ऑफिसात, घरात, गावात जो वाद पुन्हा पुन्हा होतो असा एक निवडा. त्यात मत देऊ नका. फक्त विचारा, 'आपण काय मोजलं म्हणजे हे कळेल?' उत्तर आलं की ते सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहायला लागा, आणि खडू लवकरात लवकर दुसऱ्याच्या हातात द्या. काय झालं ते मला लिहून कळवा. नाही जमलं तरी कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि टाकी वाहत असेल तर आधी मोटर बंद करा.